चार चुका, सतरा वर्षं आणि एक सायक्लोट्रॉन

मागच्या लेखाखाली एका वाचकांनी साधा प्रश्न विचारला होता. उपग्रहातली चिप अवकाशात गेल्यावर चुकणार की नाही, हे जमिनीवर बसून तुम्हाला आधीच कसं कळतं? मी दोन ओळींत उत्तर लिहायला घेतलं, पण ते दोन ओळींत मावेना. ‘जड आयनांच्या बीमखाली ठेवून बघतो’ हे खरं उत्तर. पण ही पद्धत कुठून आली, तिच्यावर विश्वास कधी बसला आणि तिचं ऐकलं नाही तर काय होतं, हे सांगितल्याशिवाय त्या उत्तराला फारसा अर्थ नाही. म्हणून आज प्रयोग कमी आणि इतिहास जास्त. शेवटी माझी स्वतःची एक फजिती आहे, ती वाचून हसलात तरी चालेल.

गंज आणि नारळ

किरणोत्सारामुळे इलेक्ट्रॉनिक्स दोन तऱ्हांनी बिघडतं. पहिली तऱ्हा पत्र्यावर चढणाऱ्या गंजासारखी. रोज थोडं थोडं, महिनोन्‌महिने डोस साठत जातो आणि ट्रान्झिस्टर हळूहळू कामातून जातो. दुसरी तऱ्हा म्हणजे कोकणातल्या कौलारू घरावर नारळ पडणं. काल काही नव्हतं, उद्याही कदाचित काही होणार नाही, पण तो एक नारळ पडला त्या क्षणी कौल फुटलं. माझं संशोधन या दुसऱ्या तऱ्हेवर आहे. गंजाचा अंदाज बांधता येतो. नारळाची फक्त शक्यता सांगता येते.

आपला नारळ म्हणजे एक जड आयन, म्हणजे हीलियमपेक्षा जड आणि प्रचंड वेगाने येणारं अणुकेंद्रक. वैश्विक किरणांत बहुतेक प्रोटॉन असतात, पण त्यांच्यात कार्बन, ऑक्सिजन, अगदी लोखंडाची केंद्रकंही सापडतात. हे कळलं १९४८ साली, अमेरिकेत उंच सोडलेल्या बलूनमधल्या फोटोग्राफिक प्लेट्स आणि क्लाउड चेंबरमधून. हा शोध लावणाऱ्यांपैकी एक बर्नार्ड पीटर्स. ते पुढे मुंबईला आले आणि १९५०च्या दशकात टीआयएफआरमध्ये वैश्विक किरणांवर काम करत होते. म्हणजे आपल्या गोष्टीतल्या खलनायकाचा मुंबईशी असा जुना संबंध आहे.

हा आयन सिलिकॉनमधून जातो तेव्हा वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवत जातो. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा, अशी एक जोडी तयार करायला सरासरी ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, आणि आयनाकडे तर ऊर्जा कोट्यवधींनी असते. मेमरीतला एक बिट म्हणजे शेवटी थोडासा साठवलेला किंवा धरून ठेवलेला विद्युतभार. आयनाने सोडलेला भार त्यापेक्षा जास्त झाला की ० चा १ होतो किंवा १ चा ०. चिप शाबूत, पण आतली माहिती खोटी.

याहून वाईट प्रकार म्हणजे लॅच-अप. सीमॉस चिपच्या पोटात, कोणी मुद्दाम न बनवलेली अशी एक छुपी वाट असते. आयनाच्या धक्क्याने ती उघडते, वीज सरळ तिच्यातून वाहायला लागते आणि पुरवठा बंद केल्याशिवाय थांबत नाही. वेळेवर बंद केला नाही तर चिप जळते. हा शब्द लक्षात ठेवा, लेखाच्या उत्तरार्धात लागणार आहे.

भाकीत खरं, पण ऐकायला कोणी नाही

१९६२ साली आरसीए या कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या वॉलमार्क आणि मार्कस यांनी एक शोधनिबंध लिहिला. प्रश्न होता, ट्रान्झिस्टर लहान करत गेलं तर कुठे थांबावं लागेल? त्यांनी जी कारणं मांडली त्यात वैश्विक किरणही होते. घटक पुरेसा लहान झाला की एकच कण त्याला चुकवू शकेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी काढलेली मर्यादा होती प्रत्येक बाजूला साधारण १० मायक्रॉन. मर्यादेचा आकडा साफ चुकला, आज आपण त्याच्या कितीतरी खाली गेलो आहोत. पण कारण बरोबर होतं.

तरी कोणी फारसं मनावर घेतलं नाही, आणि त्यालाही कारण होतं. त्याच वर्षी ९ जुलैला अमेरिकेने पॅसिफिकवर उंच अवकाशात ‘स्टारफिश प्राइम’ हा अणुस्फोट केला. दुसऱ्याच दिवशी टेलस्टार हा दळणवळण उपग्रह उडाला. स्फोटाने पृथ्वीभोवतीच्या पट्ट्यांत किरणोत्सार वाढवून ठेवला होता, त्यामुळे काही महिन्यांत टेलस्टारचे ट्रान्झिस्टर बिघडले. हा गंजाचा प्रकार. साहजिकच सगळ्यांचं लक्ष गंजाकडे गेलं. नारळ अजून कोणाच्या कौलावर पडला नव्हता. निदान पडलेला कोणी पाहिला नव्हता.

तो पाहिला १९७५ साली. ह्यूज एअरक्राफ्ट कंपनीच्या बाइंडर, स्मिथ आणि होलमन यांनी दळणवळण उपग्रहातल्या फ्लिप-फ्लॉप सर्किटांमधल्या काही विचित्र घटना तपासल्या. एकूण १७ वर्षांच्या उपग्रह-कामकाजात ४ चुका. फक्त चार! त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा झोत मारून सर्किटातला कोणता ट्रान्झिस्टर नाजूक आहे ते शोधलं, वैश्विक किरणांतल्या जड केंद्रकांचा हिशोब मांडला, आणि चुकांचा अंदाजे दर काढला. तो प्रत्यक्ष दराच्या दुपटीच्या आत आला.

आता तुम्ही स्वतःला त्या परिषदेत बसलेले समजा. समोरचा माणूस सांगतोय की दूरच्या तारकास्फोटांतून आलेल्या लोखंडाच्या केंद्रकाने आमच्या उपग्रहातला एक बिट उलटवला. पुरावा काय? चार घटना. कोणीही म्हणेल, योगायोग असेल. आणि झालंही तसंच. निबंध छापला गेला, पण त्याचं महत्त्व पटायला आणखी तीन-चार वर्षं जावी लागली.

पटलं ते अवकाशामुळे नाही, जमिनीवरच्या एका भानगडीमुळे. १९७८ साली इंटेलच्या मे आणि वुड्स यांनी दाखवलं की त्यांच्या मेमरी चिप्समधल्या आपोआप येणाऱ्या चुकांचं मूळ चिपच्याच आवरणात आहे. आवरणाच्या सिरॅमिकमध्ये युरेनियम आणि थोरियमचे अगदी सूक्ष्म अंश होते, त्यातून निघणारे अल्फा कण बिट उलटवत होते. एका कणाने बिट उलटतो हे आता टेबलावर दिसलं. ते पाहिल्यावर चार चुकांची जुनी गोष्ट वेडगळ वाटेनाशी झाली. १९७९ साली अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या लोकांनी निबंधाच्या शीर्षकातच ‘सिंगल इव्हेंट अपसेट’ असं नाव वापरलं, आणि ते नाव चिकटलं.

वाट बघण्याऐवजी बीम

तरी अडचण राहिलीच. चार चुका जमवायला १७ वर्षं लागत असतील, तर नवी चिप उडवण्याआधी तपासायची कशी?

उत्तर कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला होतं. तिथे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून एक ८८ इंची सायक्लोट्रॉन चालत होता. ८८ इंच हा त्याच्या चुंबकाच्या ध्रुवाचा व्यास. तो बांधला होता अणुकेंद्रकांच्या अभ्यासासाठी, चिप तपासण्याचा विचार कोणाच्या डोक्यात नव्हता. (कोलकात्याचा २२४ सेंटीमीटरचा सायक्लोट्रॉन, ज्यातून १९७७ साली पहिला बीम निघाला, त्याच घडणीचा आहे. २२४ सेंटीमीटर म्हणजे जवळपास ८८ इंच.) १९७९ साली एरोस्पेस कॉर्पोरेशनचे कोलासिन्स्की, ब्लेक आणि त्यांचे सहकारी संगणक-मेमरीच्या चिप्स घेऊन तिथे गेले आणि जड आयनांच्या झोतात त्यांनी त्या ठेवल्या. बिट उलटले. आणि अपेक्षा नसलेली एक गोष्टही दिसली: काही चिप्स लॅच-अपमध्ये गेल्या. जड आयनाने लॅच-अप होतो याची ही पहिली नोंद.

या प्रयोगाची खरी करामत काय, ते नीट समजून घ्या. अवकाशातला आयन आणि सायक्लोट्रॉनमधला आयन एकसारखा नसतो. अवकाशातला कितीतरी जास्त वेगवान असतो. पण चिपच्या दृष्टीने महत्त्वाचं एकच, आयन दर मायक्रॉनला किती भार सोडतो. या मापाला आम्ही एलईटी म्हणतो. एलईटी १ असेल तर सिलिकॉनच्या एका मायक्रॉनमध्ये साधारण ६५,००० इलेक्ट्रॉन-जोड्या तयार होतात. दोन वेगळ्या आयनांचं एलईटी सारखं असेल तर चिपला त्यांच्यातला फरक बहुतेक वेळा कळत नाही. त्यामुळे अख्खं अवकाश खाली आणायची गरज नाही. हलक्यापासून जडपर्यंत चार-पाच आयन घ्यायचे: निऑन, आरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन. प्रत्येकाखाली चिप किती वेळा चुकते ते मोजायचं आणि एक आलेख काढायचा.

हिशोब साधा आहे. दर चौरस सेंटीमीटरवर १ कोटी आयन सोडले आणि १०० चुका झाल्या, तर १०० भागिले १ कोटी. या उत्तराला क्रॉस-सेक्शन म्हणतात. चिप कणांना जणू केवढं लक्ष्य दाखवते, त्याचं हे क्षेत्रफळ. एलईटी वाढत जाईल तसा आलेख आधी शून्यावर रेंगाळतो, मग एकदम चढतो, मग सपाट होतो. तो कुठे चढायला लागतो यावर सगळं अवलंबून, कारण लोखंडापेक्षा जड केंद्रकं अवकाशात फार विरळ असतात. आलेख त्याच्या पुढे चढत असेल तर तुम्ही निवांत झोपू शकता. आधीच चढत असेल तर कामाला लागा. आणि हे १ कोटी आयन बीममध्ये काही मिनिटांत मिळतात, सतरा वर्षं थांबावं लागत नाही.

बर्कलीत पुढे एक छान युक्ती निघाली. ज्यांचं वस्तुमान आणि भार यांचं गुणोत्तर जवळजवळ सारखं आहे अशा अनेक आयनांचं मिश्रण एकदमच यंत्रात सोडायचं. मग वारंवारिता किंचित बदलली की हवा तो आयन बाहेर येतो, तासन्‌तास थांबावं लागत नाही. या मिश्रणाला अधिकृतपणे ‘कॉकटेल’ म्हणतात. आमच्या क्षेत्रात विनोद कमी असल्यामुळे आम्ही हा जपून वापरतो.

ज्यांनी ऐकलं

आता नासाच्या गॅलिलिओ यानाची गोष्ट. ते गुरूला जाणार होतं. १९७९ साली व्हॉयेजर-१ ने गुरूच्या आयो या चंद्रावर ज्वालामुखी पाहिले, आणि गुरूच्या चुंबकीय क्षेत्रात ऑक्सिजन व गंधकाचे वेगवान आयन फिरताहेत हेही व्हॉयेजर यानांच्या मोजणीत दिसलं. आयोच्या ज्वालामुखींनी बाहेर टाकलेलं ते द्रव्य. म्हणजे जिथे जायचं तिथे नारळांची अख्खी बाग.

गॅलिलिओची दिशा सांभाळणाऱ्या संगणकात २९०१ नावाच्या प्रोसेसर चिप्स होत्या. त्या काळच्या उत्तम, सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या. बीमच्या चाचण्यांत त्या फार सहज चुकतात असं निघालं. विचार करा, यानाचं बरंच काम पुढे सरकलेलं, आणि कोणीतरी एक आलेख घेऊन येतो: हा संगणक गुरूजवळ टिकणार नाही. असा आलेख दाखवणाऱ्याशी त्या दिवशी चहाला कोण बसलं असेल, कोण जाणे. पण त्यांनी तो आलेख खरा मानला. सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने त्याच चिप्सच्या किरणोत्साराला दाद न देणाऱ्या आवृत्त्या बनवून दिल्या. पैसा गेला, माणसांचा वेळ गेला.

यान उडालं १८ ऑक्टोबर १९८९ ला (उशिराचं मोठं कारण चॅलेंजरचा अपघात), गुरूला पोचलं डिसेंबर १९९५ मध्ये, आणि सप्टेंबर २००३ पर्यंत तिथे राहिलं. त्याचा मोठा अँटेना उघडलाच नाही, किरणोत्साराने इतर भागांना त्रासही दिला. पण जवळपास आठ वर्षं त्या बागेत ते फिरत राहिलं.

ज्यांनी ऐकलं नाही

दुसरी गोष्ट रशियाच्या फोबोस-ग्रुंट यानाची. मंगळाच्या फोबोस या चंद्रावरची माती आणायला ते नोव्हेंबर २०११ मध्ये निघालं. पृथ्वीभोवतीच्या कक्षेतच अडकलं, आणि १५ जानेवारी २०१२ ला पॅसिफिकमध्ये कोसळलं. चौकशी समितीने सांगितलं की जड भारित कणांमुळे संगणकाचे दोन भाग एकाच वेळी पुन्हा सुरू झाले. या स्पष्टीकरणावर अनेक तज्ज्ञांनी शंका घेतली. उड्डाणानंतर इतक्या लवकर, तेही पृथ्वीच्या इतक्या जवळ, असं व्हावं हे त्यांना पटेना.

तो वाद बाजूला ठेवू. मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. यानात वापरलेली एक मेमरी चिप अवकाशासाठी प्रमाणित नव्हती, आणि ती सहज लॅच-अपमध्ये जाते हे बीम चाचण्यांत २००५ सालीच दिसलं होतं. उड्डाणाच्या सहा वर्षं आधी! निकाल जाहीर होता. तिजोरीत नव्हता, अहवालात होता. यान त्याच चिपमुळे गेलं की नाही हे कोणी खात्रीने सांगू शकणार नाही, पण ती चिप तिथे असायला नको होती हे वाचता येण्यासारखं होतं.

म्हणून वाचकांच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे: बीममुळे आम्हाला कळतं. कळण्याचं शास्त्र १९७९ पासून आपल्याकडे आहे. कमी पडतं ते बहुतेक वेळा दुसरंच काही. मोजायला वेळ नसतो, किंवा मोजलेलं ऐकायची तयारी नसते.

माझं शून्य

आता कबूल केलेली फजिती. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला पहिल्यांदा स्वतःच्या चाचणीसाठी बीम मिळाला. रात्रीची पाळी, आठ तास. अशी केंद्रं जगभरात मोजकी आहेत. अमेरिकेतल्या टंचाईवर तिथल्या राष्ट्रीय अकादमींनी २०१८ साली अख्खा अहवाल काढला. आपल्याकडे दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रातल्या पेलेट्रॉनवर अशा चाचण्या होतात. कुलाब्यालाही टीआयएफआरच्या आवारात १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून पेलेट्रॉन आहे, पण त्याचा बहुतेक वेळ भौतिकशास्त्राच्या प्रयोगांना लागतो. त्यामुळे आठ तास म्हणजे सोनंच.

पहिला आयन सोडला, चुका शून्य. जास्त जड आयन, शून्य. त्याहून जड, तरी शून्य. पहाटे तीनला मी आनंदाने मॅडमना मेसेज केला की चिप जबरदस्त आहे. त्यांचं एका ओळीत उत्तर आलं: “जुनी चिप लावून बघ.”

जुनी चिप म्हणजे आमच्याकडची एक ओळखीची मेमरी. ती किती चुकते हे आम्हाला पाठ आहे. ती लावली, लगेच धडाधड चुका. म्हणजे बीम ठीक होता, चिपच आयनांना भेटत नव्हती. या आयनांचा पल्ला सिलिकॉनमध्ये जेमतेम काही दहा मायक्रॉनचा असतो. म्हणून चाचणीआधी चिपवरचं प्लास्टिक आम्ल वापरून काढावं लागतं. ते मीच काढलं होतं, आणि एक पातळ थर राहिला होता. आयन त्या थरातच थांबत होते. मी तीन तास प्लास्टिकची चाचणी घेतली.

दुसरी चिप साफ करून लावेपर्यंत पाच वाजले. उरलेल्या वेळात दोनच आयन झाले. एकात अकरा चुका आल्या, दुसऱ्यात खरंखुरं शून्य. आणि खऱ्या शून्याचा अर्थही ‘चुकत नाही’ असा नसतो बरं का. १ कोटी आयनांत एकही चूक नाही, तर ९५ टक्के खात्रीने आपण एवढंच म्हणू शकतो की क्रॉस-सेक्शन ३ भागिले १ कोटीपेक्षा कमी आहे. त्यापुढचं माहीत नाही. माझ्या अहवालात मी तसंच लिहिलं, आणि पहिल्या तीन तासांचं प्रकरणही लिहिलं. ते वगळावं असा मोह झाला होता. पण मग फोबोस-ग्रुंट आठवलं. माझी चिप उद्या कुठे बसेल मला माहीत नाही. ती बसवणाऱ्याला माझ्या आलेखातला प्रत्येक ठिपका कसा आला हे वाचता आलं पाहिजे.

त्या ह्यूजवाल्या तिघांकडे फक्त चार चुका होत्या. पण त्या चार त्यांनी इतक्या नीट मांडल्या की पुढे सगळं क्षेत्र त्यांच्यावर उभं राहिलं. माझ्याकडे तर अकरा आहेत.

पुढच्या लेखात या आलेखावरून ‘दिवसाला किती चुका’ हा आकडा कसा काढतात ते बघू. तोवर काही अडलं तर खाली विचारा. मागच्या वेळेसारखा साधा प्रश्न असेल तर फारच उत्तम.